निळ्या ओळीचा फुलिया

गेली तीस वर्षं मी सांगलीत भरतकामाचा वर्ग चालवते आणि वर्गातल्या मुली माझ्यामागे मला ‘उसवेबाई’ म्हणतात. माझं आडनाव वेगळंच आहे. पण चुकलेला टाका दिसला की मी डागडुजी करत बसत नाही, कात्री घेते, अख्खी ओळ उसवते आणि कापड मुलीच्या हातात परत देते. थोडं रडतात, पण शिकतात. हे नाव मला ठाऊक आहे आणि, आता लपवायचं कशाला, थोडं आवडतंही. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावर जे घडलं ते मी वर्गात अजून सांगितलेलं नाही. इथे मात्र सगळं सांगते.

निमित्त झालं एका पिशवीचं. माझी मैत्रीण कुसुम अमरावतीची. तरुणपणी मिरजेला नर्सिंग शिकायला आली तेव्हा आमच्या माडीवर भाड्याने राहायची. तिने दिवाळीत मला एक जुनी बंजारा पिशवी पाठवली, हातभर लांबीची, आरसे आणि कवड्या लावलेली. मी ती उलटी करून पाहिली. माझी खोडच आहे ती, कुणाच्याही अंगावरचं भरतकाम मी आधी उलट्या बाजूने बघते. उलटी बाजू जवळजवळ सुलटीइतकीच स्वच्छ होती. मी ती नक्षी ट्रेसिंग कागदावर उतरवली, कापडावर छापली, रिंगमध्ये ताणली आणि पंधरा दिवस झटले. जे झालं ते दिसायला तसंच होतं, पण मूळ पिशवीशेजारी ठेवलं की माझं काम झोपलेलं वाटे. मी कुसुमला फोन केला. ती म्हणाली, “माह्या हाताखालची एक पोट्टी हाय, पूजा. अकोल्याले नर्स हाय. तिच्या काकीनं केली ते पिशवी. ये, घेऊन जातो तुले.”

अमरावती

एप्रिलच्या मध्यावर वऱ्हाडात जायचं म्हणजे काय, हे सांगलीच्या माणसाला सांगून कळत नाही. बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि फलाटावरच्या बाया डोकं, नाक, कान दुपट्ट्यात गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून चालत होत्या. मी मात्र डोक्यावर पदर घेऊन ऐटीत उभी. कुसुमने मला पाहिल्याबरोबर स्वतःच्या पिशवीतून एक दुपट्टा काढला आणि माझ्या तोंडाला असा काही बांधला की मला धड बोलता येईना.

“एवढ्या उनात कोनी येते का वं? काहून, हिवाया नव्हता का तुमच्याकडं?”

पुण्यामुंबईच्या कानांना ही भाषा भांडल्यासारखी वाटते म्हणतात. आम्ही दक्षिणेकडचे, आम्हीही काही साखर पेरून बोलत नाही, पण पहिला अर्धा दिवस मलाही कुसुम रागावली आहे असंच वाटत होतं. मग तिने गाडी थांबवून गिला वडा खायला घातला. द्रोणात उडदाचा वडा, वर दही, वर तिखट चटणी. मी दुसरा मागितला तेव्हा ती म्हणाली, “तिसराबी घे, मी काई मोजून नाई राहिली.” राग वगैरे काही नव्हता.

कुसुमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. निवृत्तीनंतर ती तिथे मुलांना फुकट इंग्रजी शिकवते. घरात कूलरची घरघर इतकी की संध्याकाळभर आम्ही ओरडूनच बोलत होतो. तिने मला सगळी माहिती दिली. पूजाची आई ती चार वर्षांची असताना गेली. झमकीबाई म्हणजे तिची थोरली काकी. तिने पूजाला वाढवलं, बारावीपर्यंत स्वतःच्या भरतकामाच्या पिशव्या विकून शिकवलं. आठवड्याभरात पूजाचं लग्न होतं आणि काकी तिच्यासाठी फुलिया भरत होती. डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ असते ना, तिला मागून जोडलेला हातभर चौकोनी भरतकामाचा तुकडा, जो पाठीवर लोंबतो, तो फुलिया. नवरी तांडा सोडते तेव्हा तो तिच्या पाठीवर असतो.

“लग्नघरात मी कुठे शिकायला जाऊ?” मी म्हटलं.

“लग्नातच जा. एरवी कोन बसते सुई घेऊन?”

तांडा

मूर्तिजापूरमार्गे अकोला आणि तिथून बार्शीटाकळीच्या पुढे जीपने. जीपमध्ये मी, कुसुम आणि पंख्यांची तीन खोकी. कुसुम मला पोचवून संध्याकाळच्या बसने परत गेली.

तांडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी तंबूबिंबू होते. तिथे सिमेंटची घरं, प्रत्येक घरावर डिश, दारात मोटारसायकल आणि मधोमध कडुनिंबाखाली पांढऱ्या निशाणाचं लहानसं मंदिर. तरुण बायका साडीत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये. जुना वेश फक्त चार-पाच जणींच्या अंगावर होता, त्यातली एक झमकीबाई. साठीच्या आसपासची, काटक, अंगात आरशांची चोळी, म्हणजे कांचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. दाराशी चौकटीला टेकून पाय पसरून ती भरत बसली होती. आपसात त्या सगळ्या गोरमाटी बोलतात, माझ्यासारख्या परक्याशी वऱ्हाडी.

पूजाने माझी ओळख करून दिली. काकीने तोंड वर केलं आणि माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत म्हणाली, “हे शिकाले आली? एवढी मोठी?”

“काकी, त्या मास्तरीण हायत.”

“मंग तर लय कठीन हाय.”

मी हसले. मला वाटलं थट्टा करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं सामान मांडलं. रिंग, खडू, ट्रेसिंग कागद, बावीस रंगांचे दोरे. काकीने एकेक वस्तू हातात घेऊन चाचपली. रिंग फिरवून पाहिली.

“हे काय?”

“कापड ताणायला.”

“कापडाले फाशी काहून द्याची?” तिने रिंग खाटेखाली सरकवली. खडूने काढलेल्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि बोट कांचळीला पुसलं. “नक्षी कापडातच असते. धागे मोज.”

तिची पद्धत अशी. कापड जाडंभरडं, ज्याचा ताणा-बाणा बोटाला लागतो असं. सुईचं टोक नखाशी धरायचं, नखाने धागे मोजायचे, चार घ्यायचे, दोन सोडायचे. छापलेलं काही नाही, रेघ नाही. एक धागा इकडेतिकडे झाला तर तो पुढे चौकोनाच्या कोपऱ्यात जाऊन बोंबलतो. माझ्या पिशवीच्या नकलेत काय झोपलं होतं ते मला तासाभरात कळलं. मी रेघेवरून टाके घातले होते, आणि कापडाला ती रेघ मान्यच नव्हती.

कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. काकीने मला पहिला दिवसभर सुईत दोरा घालूच दिला नाही. नुसती सुई. चार घे, दोन सोड. तीस वर्षं इतरांना शिकवून झाल्यावर रिकाम्या सुईने कापड टोचत बसायचं आणि शेजारच्या कमलाने चहा देताना विचारायचं, “काय वं मास्तरीणबाई, झाला का रुमाल?” मी पण हट्टाला पेटले. संध्याकाळी काकीने माझ्या कापडावरची टोचणं बोटाने वाचली आणि एका जागी थांबली. “इथं पाच घेतले.” मी चष्मा लावून मोजले. पाचच होते.

तिची स्वतःची सुई पाहत राहावी. कापडाकडे ती बघतसुद्धा नसे. तोंड अंगणाकडे, बोलणं चालू, हात चालू. दोरा मात्र ती स्वतः ओवत नसे. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी पूजा वीसेक सुया ओवून एका उशीत ओळीने खोचून ठेवी, डावीकडून पिवळा, काळा, पांढरा, पुन्हा पिवळा, काळा, पांढरा. काकी त्याच क्रमाने उचले. केवढा हा थाट, असं मला वाटलं. माझ्या वर्गात माझ्यासाठी कुणी सुया ओवल्या असत्या तर मीही घरी ऐटीत बसले असते.

जेवायला ज्वारीची भाकरी, तिला तिथे बाटी म्हणतात, आणि आलू-वांग्याची भाजी, जिच्या तर्रीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. रात्रीचं जेवण आटोपलं, की म्हाताऱ्या बाया पूजाभोवती जमत आणि तिला रडायला शिकवत. हे थट्टेने म्हणत नाही. निरोपाच्या वेळी नवरीने सुरात, शब्दांत रडायचं असतं, त्याला ढावलो म्हणतात. आईबापांना, भावाला, विहिरीला, गाईला, प्रत्येकाला वेगळं. आमच्याकडे नवरी रडली की तिला “पुरे आता” म्हणून गाडीत कोंबतात. इथे तिने नीट रडावं म्हणून शिकवणी. पूजा गळ्याशी फोन धरून ते रेकॉर्ड करी आणि मधेच हसू फुटून सगळं बिघडवी. काकी तिच्या पाठीत धपाटा घाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

त्या हसण्यारडण्यात एक गोष्ट सगळ्यांच्या मनात होती. फुलिया व्हायचा होता. लाल कापड, मधे आरशांचे चौकोन, भोवती तीन रंगांच्या ओळी एकीबाहेर एक. बाहेरची शेवटची पांढरी ओळ आणि कवड्यांची किनार बाकी होती, आणि लग्नाला चार दिवस. पूजा मला म्हणाली, “मावशी, माह्या आईचा फुलिया तिच्यासंगं गेला. माह्यापाशी तिचं काईच नाई. काकीचा झाला नाई तं मी बिनफुलियाची जाईन, पन बाजारातला घेनार नाई.” ती शांतपणे बोलत होती, नर्सच्या आवाजात.

माझा पराक्रम

त्या दुपारी काकी नातेवाइकांकडे अक्षता द्यायला शेजारच्या तांड्यावर गेली. पूजा ड्यूटीवर. मी एकटी, आणि उशीशेजारी घडी घातलेला फुलिया. मी तो दाराच्या उजेडात नेला आणि सवयीने आधी उलटा केला, मग सुलटा.

बाहेरून पहिली काळी ओळ काळी नव्हती. गडद निळी होती. आतल्या तिन्ही ओळी काळ्याकुट्ट आणि ही चौथी, चारी बाजूंनी फिरलेली, निळी. घरातल्या सावलीत कळत नव्हतं, उन्हात स्पष्ट दिसत होतं. आणि उन्हातच तर तो पाठीवर मिरवायचा होता.

आता इथे कुणीही शहाणी बाई काय करेल? थांबेल, विचारेल. मी कात्री काढली. मला खरंच वाटलं की मी उपकार करते आहे. काकी दमून येईल, तिला चूक दाखवून उसवायला लावण्यापेक्षा आयतं करून ठेवू. दोन तास लावून मी ती अख्खी ओळ उसवली, एकही धागा न दुखवता. उसवण्यात माझा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. मग काळा दोरा ओवला, चार घेतले, दोन सोडले, आणि चारेक बोटं ओळ भरलीसुद्धा. मला जमत होतं. मी खूश होते.

काकी आली तेव्हा कमलाही मागून आली होती आणि पूजा नुकतीच पोचली होती. काकी बसली, फुलिया मांडीवर घेतला, बोट ओळीवरून नेलं आणि जिथे रिकामं लागलं तिथे थांबली. पुन्हा नेलं. मी भरलेल्या चार बोटांवर आली.

“हे कोनाचं?”

“माझं,” मी म्हटलं. “काकी, ओळ निळी पडली होती. काळ्याच्या जागी. मी उसवून काळी घातली.”

कमला दाराच्या चौकटीकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. माझ्या खांद्यापलीकडे बघणं, ओवलेल्या सुया, उशीतला क्रम. काकीला रंग दिसतच नव्हते. कित्येक महिन्यांपासून नसावेत.

“निया?” काकी म्हणाली. तिथे निळ्याला निया म्हणतात, काळ्याला काया. “कवापासून?”

उत्तर कमलाने दिलं, अगदी हळू. आठ दिवसांपूर्वी पूजाला रात्रपाळी होती, सुया कमलाने ओवल्या. काळा दोरा संपला होता. तिने आजचा दिवस चालेल म्हणून निळा खोचला आणि सांगायला विसरली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काकीने बरीच ओळ भरली होती. मग त्या दोघी पुढेही निळाच ओवत राहिल्या, निदान ओळ एकसारखी होईल म्हणून.

“तुमाले दोघीले मालूम होतं.”

पूजा म्हणाली, “काकी, सांगतलं असतं तं तू सुई ठेवून देली असती.”

“म्हनजे माह्या डोयाचं बी मालूम होतं.”

काकीने फुलियाची घडी घातली, उठली, पेटीचं झाकण उघडलं, घडी आत ठेवली आणि झाकण लावलं. “फुलिया होत नाई आता,” एवढंच बोलून ती चुलीशी गेली. त्या संध्याकाळी ढावलोची शिकवणी झाली नाही.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. पूजाने रात्री मला सांगितलं, दोन वर्षं ती बाई आपला मोतीबिंदू घरापासून लपवत होती आणि घर तिच्यापासून लपवत होतं की आम्हाला माहीत आहे. असं दोन्हीकडून सांभाळलेलं मी एका दुपारी कात्रीने उसवलं. मी कुसुमला फोन करून म्हटलं, उद्या सकाळच्या बसने येते.

“उसवलं तू, आता शिवनार कोन?” कुसुम म्हणाली आणि फोन ठेवला.

दोरा

उसवलेला दोरा मी फेकत नाही. ही एक चांगली सवय. तो माझ्या डबीत होता, निळ्या तुकड्यांचा गुंता. पहाटे मला झोप नव्हती, म्हणून मी ते तुकडे सोडवत बसले. उसवलेला दोरा सरळ होत नाही, जिथे जिथे टाका होता तिथे त्याला मोड पडलेली असते. मी एकेक तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि त्या मोडी पाहिल्या. मग पट्टी आणली आणि मोजल्या. दीड तास मोजत होते.

उजाडल्यावर काकी अंगणात दात घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळ्यांत लांब तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

“हे काय?”

“तुझाच दोरा.”

तिने तो चिमटीत धरून दुसऱ्या हाताच्या नखावरून ओढला. मोडी नखाला एकेक करून लागत गेल्या. तिने पुन्हा ओढला.

“बरोबर हाय,” ती म्हणाली.

“सगळे तुकडे मोजले मी. एकही टाका चुकलेला नाही. माझ्या वर्गात डोळे धड असलेली एकही मुलगी असं करत नाही, आणि मीही करत नाही. फक्त रंग चुकला, आणि तो तू ओवला नव्हतास. काकी, मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं.”

ती बराच वेळ नखावर दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, “रंग कोनीबी सांगू शकते. धागे सांगनारी पाह्यजे.” आणि थोड्या वेळाने, “तू सांगशीन?”

“सांगेन, धागेही आणि रंगही. खोटं सांगणार नाही.”

“मंग काढ पेटीतून.”

पेटीतून फुलिया काढला. तिने पहिलं काम केलं ते हे, की माझी चार बोटं ओळ नखाने चाचपली आणि सर्रकन उसवून टाकली. “सुंदर हाय तुहं,” ती म्हणाली, “पन पोट्टीच्या पाठीवर माह्याच हातचं जाईन.” तीस वर्षांत माझं काम उसवणारी ही पहिलीच बाई. पूजा तोंडावर हात ठेवून बघत होती, मला वाईट वाटेल म्हणून. मला बरं वाटलं.

आता प्रश्न रंगाचा. मी काळा दोरा ओवला आणि काकीच्या हातात देणार, तोच पूजाने मला पडवीत ओढलं.

“मावशी, निळाच द्या ना. तिले सांगू नका. मले ते ओळ आवडत होती. तिकडं सासरी सगळ्याइच्या फुलियात कायी ओळ असते. मले माहा ओयखू येईन.”

“पूजा, आत्ताच मी तिला काय शब्द दिला ते ऐकलंस ना?”

“तिले काय दिसनार हाय?”

“म्हणूनच.”

मी आत गेले आणि काकीला सरळ सांगितलं की पूजाला निळा हवा आहे. काकीची भुवई वर गेली.

“काहून? चुकीचा हाय तो.”

पूजा दाराशी उभी होती. ती म्हणाली, “तू घातला होता म्हनून.”

“मी कुठं घातला, कमलीनं घातला.”

“टाके तुहे होते.”

काकी हसली, पहिल्यांदाच. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, वळली. “कसा निया? सांग.”

आली पंचाईत. रंग सांगायचा म्हणजे काय सांगायचं? मी म्हटलं, जांभळाकडे झुकलेला नाही. पावसाळी ढगाचाही नाही. तुझ्या दाराला जो रंग लावला आहे, त्याच्यावर पाणी शिंपडलं की होतो तसा.

“समजलं. मंग दे.” आणि सुई बोटांत आल्यावर ती म्हणाली, “पन एक हाय पूजा. लगन झालं का डॉक्टरकडं मी येतो. तू तारीख घे. महिनाभर सुई नाई धरू देत म्हनते, म्हनून मी लांबवत होती. आता हे झालं का सुईले सुट्टी.” पूजाने तिथेच फोन काढला.

तीन दिवस मी तिचे डोळे होते. सकाळी सहाला बसायचं, अकरापर्यंत, मग ऊन उतरल्यावर पुन्हा. मी सुया ओवायच्या, रंगाचं नाव मोठ्याने सांगायचं आणि हातात द्यायची. उशी आम्ही काढून टाकली. मधल्या वेळात ती माझ्या कापडाची परीक्षा घेई आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आता दोरा घाल.” एवढ्या लांब जी गोष्ट शिकायला आले होते ती मला शेवटी दुपारी दोन वाजता, घामाने बोटं निसटत असताना, लग्नाच्या मांडवाच्या ठोकाठोकीत आली. शेवटची कवडी लागली तेव्हा पूजाला हळद लागत होती.

निरोप

लग्नाचं जेवण, लापशी, बँड, त्यातलं सगळं सांगत नाही, लग्नं सगळीकडे थोडीफार सारखीच असतात. पण निरोप मी तसा पाहिलेला नाही. नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करून आपल्या तांड्याचा निरोप घेते. तांड्यात आता ट्रॅक्टर सहा आणि बैलजोडी एकच, तीही म्हातारी. शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल घातलेला तो बैल मधोमध उभा केला आणि त्याला दोन्हीकडून चौघांनी धरलं. आयसीयूत काम करणारी पूजा, लाल घागऱ्यात, आधी घाबरली. मग चढली.

डोक्यावर चुंबळ, पाठीवर फुलिया. तिने हात वर केले आणि ढावलो सुरू केला. एकदाही हसली नाही. शब्द मला कळत नव्हते, काकीचं नाव तेवढं कळलं, आणि तिथे तिचा आवाज फाटला. मी सांगलीची उसवेबाई, परक्या गावात, तोंडाला दुपट्टा बांधून ढसाढसा रडले.

ऊन उतरतं होतं आणि नेमकं तिच्या पाठीवर पडलं होतं. आरसे लखलखत होते, आणि बाहेरची ती ओळ निळी, स्पष्ट निळी. वराकडच्या एका वयस्क बाईने पुढे येऊन फुलियाचं टोक उचललं, निरखलं आणि गोरमाटीत काहीतरी विचारलं. कमलाने माझ्या कानात सांगितलं, विचारते, सगळीकडे काळी असताना ही ओळ निळी कुणी घातली, दिसलं नाही का?

काकी बैलाच्या पुढ्यात उभी होती, एक हात त्याच्या गळ्यावर ठेवून. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि मलाही कळावं म्हणून वऱ्हाडीत उत्तर दिलं.

“मी घातली. पाहून घातली.”